रस्सा कशाचा आहे?

जपानमधल्या कोबे शहरात संध्याकाळी आम्ही सहकुटुंब रामेनच्या एका दुकानात शिरलो. मुलं भुकेली होती. फोटोत फक्त भाज्या अन् नूडल्स दिसत होत्या. तरी मोबाईलवर भाषांतर करून विचारलंच. दुकानदाराने दोन्ही हातांची फुली करून दाखवली. रस्सा डुकराच्या हाडांचा होता! शिवाय जपानी स्वयंपाकात मिरिन नावाची तांदळाची गोड दारूही वापरतात. म्हणजे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. रस्सा कशाचा आणि त्यात काय घातलंय, हेही विचारावं लागतं.

धाकटा रडवेला झाला. अम्मी म्हणाल्या, "थोडा सब्र कर, बेटा."

तिथून आम्ही कोबे मशिदीत गेलो. १९३५ मध्ये उघडलेली ही जपानमधली पहिली मशीद. तिच्या उभारणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचाही पैसा होता. नमाज झाली, जवळच्या हलाल दुकानातून पोटापुरतं घेतलं. दुसऱ्या दिवशी ओसाकात कोंबडीच्या रश्श्याचं हलाल रामेन मिळालं. अल्हम्दुलिल्लाह! धाकट्याने वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला.

पण आम्हाला आठवत राहतो तो पहिला दुकानदार. तो गप्प राहिला असता, तर आम्हाला कळलंही नसतं. गिऱ्हाईक गेलं, पण त्याने खरं सांगितलं. अमानतदारी म्हणतात ती हीच.