मालवणचं पत्र : अपघाताचे कागद मागून घ्या

मालवण, जि. सिंधुदुर्ग

शिमगा आटोपला की इथे मे महिन्याचे वेध लागतात. तारकर्ली, देवबाग, चिवला इथल्या खोल्या भरू लागतात आणि लंडन-लेस्टरहून तुमचे फोन सुरू होतात. मोपा विमानतळावर उतरून मालवणला यायला सोयीचा रस्ता कुठला, गाडी भाड्याने घ्यावी की चुलतभावाचीच न्यावी, असे प्रश्न असतात. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. वाटेत अपघात झालाच, तर विम्याच्या दाव्यासाठी पोलिसांकडून काय मिळवायचं आणि कसं? माझं शिक्षण इंग्लंडातलं, संसार मालवणातला. दोन्हीकडच्या रीती किती वेगळ्या आहेत हे जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

इंग्लंडात १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १७० चालकाला थांबायला आणि नाव, पत्ता, गाडीचा तपशील द्यायला सांगतं. तो देता आला नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. कुणाला लागलेलं नसेल आणि तपशिलांची देवाणघेवाण झाली असेल, तर पोलिसांचा संबंध बहुधा येतच नाही. समोरच्या गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा, हे मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या नोंदींतून कळतं आणि पुढचं दोन्ही कंपन्या बघून घेतात.

भारतातल्या मोटार वाहन कायद्यातही २४ तासांची मुदत आहे. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला दवाखान्यात पोहोचवायचं, २४ तासांच्या आत पोलिसांना खबर द्यायची आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. पण माणसाला इजा झाली की पुढची वाट बदलते. भरपाई ठरवतं ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. आपल्या जिल्ह्याचं न्यायाधिकरण ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा न्यायालयात भरतं. तिथे विमा कंपनी समोरच्या बाजूला उभी असते. धडक दिली ती हीच गाडी का, चालवत कोण होतं, परवाना होता का, पॉलिसी त्या दिवशी चालू होती का, ह्या सगळ्याचा पुरावा ती मागते. ह्यातला बहुतेक पुरावा पहिल्या एक-दोन दिवसांत पोलीस ठाण्यात तयार होतो. तेव्हा झाला नाही, तर वर्षभराने उभा करणं फार कठीण जातं.

वकील ह्या कागदांना सरसकट ‘पोलीस पेपर’ म्हणतात. त्यात फिर्याद म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, गाडीची तपासणी, जखमीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल येतो. जोडीला दोन्ही गाड्यांचं नोंदणीपुस्तक, पॉलिसी आणि चालकाचा परवाना. फक्त बंपर चेपला असेल आणि दावा आपल्याच विम्यातून करायचा असेल, तर एवढं लागत नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहतो आणि बऱ्याचदा ठाण्याच्या डायरीतली नोंद पुरते. गाडी हलवण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा.

अडचण सुरू होते ती रस्त्यावरच. कसाल-मालवण रस्त्यावर किंवा चौक्याच्या वळणावर दुचाकी घसरली की पाच मिनिटांत माणसं जमतात, जखमीला उचलतात, पाणी देतात. आणि लगेच कुणीतरी म्हणतं, “आपसात मिटवया. कोर्टाच्या फेऱ्यो कोण मारतलो?” त्यात दुष्टावा नसतो. समोरचा माणूस कुणाचा तरी मेव्हणा निघतो, आणि ओरोसची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. पण हातावर ठेवलेल्या दोन-चार हजारांत मोडलेलं हाड बसत नाही. दोन दिवसांनी सूज उतरत नाही म्हणून एक्स-रे काढतात, तेव्हा शस्त्रक्रियेचा खर्च समोर येतो आणि हातात एकही कागद नसतो. जखमीला आधी दवाखान्यात नेल्यामुळे फिर्यादीला उशीर झाला, तर तेवढ्यावरून दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण ह्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. उशीर झाला तरी नोंद कराच.

इथल्या कुटुंबांची आणखी एक अडचण म्हणजे राज्याची सीमा. गंभीर जखमीला बहुतेक वेळा गोव्याला, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवतात. अपघात महाराष्ट्रात आणि उपचार गोव्यात, असं झालं की वैद्यकीय नोंद एका राज्यात आणि गुन्ह्याची नोंद दुसऱ्या राज्यात राहते. म्हणून दाखल करतानाच ‘रस्ता अपघात’ असं लिहून घ्या, मेडिको-लीगल नोंदीचा क्रमांक टिपून ठेवा आणि तो अपघात ज्या हद्दीत झाला तिथल्या तपासी अंमलदाराला कळवा. मालवण, आचरा, कुडाळ, कणकवली, बांदा ही सगळी वेगवेगळी ठाणी आहेत. गेल्या गेल्या हद्द विचारून घ्या.

आता कायदा काय देतो ते सांगते, कारण गेल्या काही वर्षांत तो बराच बदलला आहे आणि गावात ते फारसं कुणाला ठाऊक नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे, अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. १० दिवसांच्या आत त्याने जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचं पत्रक द्यायचं असतं. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. त्यानंतर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपला निर्णय कळवायचा. ही पद्धत आधी दिल्लीत, तिथल्या उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली घडली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर नीट राबवायला सांगितलं. म्हणजे पोलिसांकडची माहिती दावेदारापर्यंत पोहोचवणं हे आता पोलिसांचंच काम आहे.

पण मालवणसारख्या ठाण्यात माणसं मोजकी असतात. आंगणेवाडीच्या जत्रेचा बंदोबस्त, गणपती, निवडणुका ह्यांत तपासाची फाईल मागे पडते. अशा वेळी स्वतः मागायला हवं. एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला मोफत मिळते. बहुतेक एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही दिसतात, त्यामुळे लेस्टरमध्ये बसूनही क्रमांक शोधता येतो. धडक देणाऱ्या गाडीची ओळख आणि चालकाचं नाव-पत्ता हवा असेल, तर कलम १६० खाली ठाणे प्रभारींकडे किंवा आरटीओकडे ठरलेली फी भरून लेखी अर्ज करा. भरपाईवर हक्क सांगणाऱ्याला आणि विमा कंपनीला ही माहिती द्यावीच लागते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. तुम्ही परदेशी असाल तर इथल्या नातेवाइकाच्या नावे अधिकारपत्र पाठवा.

मुदतीचं भान ठेवा. न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्याने सहा महिने दिले आहेत. ह्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. निकाल पटला नाही तर अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून सिंधुदुर्ग त्याच्या अखत्यारीत आहे. धडक देऊन गाडी पळालीच आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. तो अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यालाही पोलिसांची नोंद लागते.

तुमच्यासाठी खास दोन गोष्टी. इथे गाडी चालवणार असाल तर ब्रिटिश परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन या. तो नसेल तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. आणि स्वतः चालवायला भाड्याची गाडी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात भाड्याने देत असेल, तरी तिची पॉलिसी खासगी वापराची असते आणि दाव्याच्या वेळी तोच मुद्दा उपस्थित होतो.

जखमीला मदत करायला कचरू नका, हेही सांगायलाच हवं. कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळू शकतात. ११२ वर फोन करा आणि योजनेतलं जवळचं रुग्णालय विचारा.

ह्या देशात चांगले कायदे पुष्कळ आहेत, पण मागणाऱ्याशिवाय ते चालत नाहीत, हे मी इथे राहून शिकले. मोलमजुरी करणाऱ्याच्या घरातला कमावता माणूस रस्त्यावर गेला, तर त्या घराला ठाण्यात जाऊन ‘अहवाल कधी पाठवणार?’ असं विचारायचा धीर होत नाही. तुमच्यापैकी ज्यांचं घर, वाडी, नातं इथे आहे, त्यांनी तो प्रश्न त्यांच्या वतीने विचारावा. एक फोन, एक अर्ज, एक पोच एवढीच मदत पुरते, आणि त्यावर एखाद्या घराची पुढची वीस वर्षं अवलंबून असू शकतात.