पोखर्णी ते चंद्र, अपडाऊन

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की सुमारे १८ किलोमीटरवर पोखर्णी येतं. नृसिंहाचं ठाणं. रेल्वे स्टेशनच्या नावातही गावाला देव जोडलेला आहे, ‘पोखर्णी नृसिंह’. घर गावात, पोट शहरात, अशा जिण्याला आपल्याकडे एकच शब्द: अपडाऊन.

कल्पनेतले एक मुनीम धरू. राहणार पोखर्णी, काम परभणीच्या मोंढ्यातल्या आडतीवर. रोज ३६ किलोमीटर. आठवडी सुट्टी, सणवार, लग्नं, पेरणीचे दिवस वजा जाता वर्षाला २८० फेऱ्या. झाले १०,०८० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५. म्हणजे दर चार वर्षांनी मुनिमांची एक पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते, आणि पाहिलेली गावं तेवढीच, दोन!

विसाव्या वर्षी कामाला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबले, तर ३८ वर्षांत ३,८३,०४० किलोमीटर. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४००. उरले १,३६०. आणखी ३८ दिवस आडतीवर गेले असते, तर पोचलेच होते.

आता हाच हिशेब बदलापूरला लावा. सीएसएमटीपासून लोकलने ६८ किलोमीटर. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ मध्ये लाखाच्या आत होती. २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. रोजचे १३६ किलोमीटर, वर्षाचे २९५ दिवस: ४०,१२०. मुनिमांना चार वर्षं लागणारी प्रदक्षिणा बदलापूरकर दरसाल घालतो, तीही बहुधा उभ्यानं. आणि तो एकटा थोडाच असतो? कोरोनाआधी मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख प्रवास व्हायचे. २०११ च्या जनगणनेत अख्खा परभणी जिल्हा १८ लाख ३६ हजारांचा. जाणं-येणं मिळून दोन प्रवास धरले, तर असे दोन जिल्हे रोज उचलायचे आणि रात्री घरी आणून ठेवायचे! ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. अंगणातल्या बाजेएवढ्या जागेत वीस-पंचवीस.

पोखर्णीच्या वाटेवर एवढी दाटी नाही. पण वेळ तिथेही जातोच. जाऊन-येऊन दीड तास धरला, तर मुनिमांचे वर्षाला ४२० तास रस्त्यावर गेले. साडेसतरा दिवस, रात्रींसकट. ३८ वर्षांत ६६५ दिवस, म्हणजे जवळजवळ एक वर्ष दहा महिने.

हिरण्यकश्यपूनं वर मागितला होता: मरण घरात नको, बाहेरही नको. नृसिंहानं त्याला उंबऱ्यावर गाठलं. त्याच देवाच्या गावचे आपले मुनीम ६६५ दिवस ना घरात होते, ना दुकानात. एवढा काळ उंबऱ्यावर काढला, आणि वर कुठलाच मागितला नव्हता.