आयर्नमॅनचा सराव आणि रात्रीची पाण्याची पाळी

पोहणे, सायकल आणि धावणे एकाच दिवशी, एकामागून एक करायची ट्रायथलॉन स्पर्धा आता खेड्यातल्या तरुणांनाही नवीन राहिलेली नाही. पूर्ण 'आयर्नमॅन' म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. निम्म्या अंतराची स्पर्धा २०१९ साली गोव्यात पणजीला सुरू झाली आणि आपल्या पोरांना ती हाताशी आली.

कामानिमित्त गावोगाव फिरताना असा सराव करणारी मुले भेटतात. शहरातला स्पर्धक सराव आटोपून खुर्चीवर बसतो, आपला गडी वैरण कापायला जातो. त्यात शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची असली की बारा-एकला उठून मोटार चालू करायची, दारं धरायची आणि पहाटे पाचला सायकल बाहेर काढायची. असाच एकजण विचारत होता, "साहेब, सराव वाढवला तसं पाय जडच व्हायला लागलेत. आणखी वाढवू का?" आतून त्याची आई म्हणाली, "रातभर पाण्यात, दिवस उगवला की रस्त्यावर. सायब, तुमीच सांगा, ह्यो झोपायचा कवा?"

माउलीचं गणित बरोबर होतं. सरावाने स्नायू थकतात, झिजतात. ताकद वाढते ती नंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. उसाला पाणी दिल्यावर वापसा यायच्या आत पुन्हा पाणी सोडले तर मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते. तेव्हा आपण आणखी पाणी देत नाही. शरीराला मात्र देतो!

म्हणून पहिली गोष्ट, शेतातले कष्ट सरावात धरा. दोन तास खोऱ्याने सऱ्या फोडल्या असतील तर तोही व्यायामच झाला. एक वही करा. त्यात झोपेचे तास, शेतकाम, सराव आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी लिहा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी हलके काम करा. दोन-तीन दिवस तसेच राहिले, भूक मेली, चिडचिड वाढली, अंग दमूनही झोप येईना, तर सराव सरळ बंद ठेवा. रात्रपाळीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा आणि पहाटेऐवजी संध्याकाळी करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट झोपेत हायवेवर सायकल घालणे म्हणजे जिवाशी खेळ. दमलेल्या अंगाने एकट्याने विहिरीत उतरणेही तसेच. काठावर पोहणारा माणूस हवाच.

पुष्कळदा थकवा हा निव्वळ उपाशीपणा असतो. काळा चहा पिऊन तीन तास सायकल चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. तास-दीड तासाच्या पुढे सराव असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवे. खिशात केळी, गूळ ठेवावा, बाटलीत लिंबू, मीठ, साखरेचे पाणी. घाम गळत असताना नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ उतरते आणि तेही धोक्याचे. हवाईत १९७८ साली पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. त्यात जॉन डनबार पुढे होता. त्याच्या साथीदारांजवळचे पाणी संपले, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला आणि गॉर्डन हॅलर जिंकला. (आपल्याकडच्या काही वीरांनी यातून भलता अर्थ काढू नये.)

सराव झाल्यावर तासाभरात जेवावे. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे घरचेच आहेत, महागड्या डब्यांची गरज नाही. मुलींनी थकवा अंगावर न काढता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जेवणाबरोबरचा चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू मदत करते. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, लघवी काळपट होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खरी अडचण शेवटी येते. स्पर्धेआधीचे दोन आठवडे सराव कमी करून अंग ताजे करायचे असते. गोव्याची स्पर्धा गेली काही वर्षे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली आणि आपली सोयाबीनची काढणी बहुतेक त्याच सुमारास. सराव कमी केला आणि दिवसभर कापणीला वाकला, तर विश्रांती कसली? तेव्हा नाव नोंदवायच्या आधीच घरात बसून बोलून घ्या. मजूर लावायचे, मळणी यंत्र आधी सांगून ठेवायचे, की भावकीत पैरा करायचा ते ठरवा. वर विचारलेल्या पोराने चुलत्याशी पैरा केला आहे. काढणी चुलता बघणार आणि गोव्याहून आल्यावर चार दिवस विसावा घेऊन हा त्यांच्या ऊसलागणीला जाणार.