परसबागेतील प्रार्थना कीटक

प्रार्थना कीटक हा मॅन्टोडिया गणातील शिकारी कीटक आहे. पुढचे दोन पाय दुमडून छातीशी धरण्याच्या त्याच्या सवयीमुळे तो हात जोडून बसल्यासारखा दिसतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. मराठीत त्याला 'खंडोबाचा किडा' असेही म्हणतात. या गणात जगभर सुमारे २,४०० जाती आहेत. झुरळ व वाळवी हे त्याचे जवळचे आप्त होत. पिकांवरील किडी खाणारा म्हणून त्याची गणना मित्रकीटकांत होते. तथापि परसबागेत त्याचा उपयोग किती आणि मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे आवश्यक आहे.

ओळख

डोके त्रिकोणी, डोळे मोठे व बाजूंना, मान लांब आणि रंग बहुधा हिरवा किंवा वाळल्या काडीसारखा तपकिरी, ही त्याची सर्वसाधारण लक्षणे आहेत. पुष्कळदा त्याला नाकतोडा समजून मारले जाते. दोघांतील फरक पायांवरून ओळखता येतो. नाकतोड्याचे मागचे पाय उडी मारण्यासाठी जाड व लांब असतात आणि तो पाने कुरतडतो. प्रार्थना कीटकाचे पुढचे पाय काटेरी व अडकित्त्यासारखे मिटणारे असतात आणि तो झाडाचे पान खात नाही. भारतात आढळणाऱ्या हायरोडुला प्रजातीतील कीटक मोठे व हिरवे असतात, तर दक्षिण भारत व श्रीलंकेत आढळणारा गोंगायलस वाळक्या पानासारखा दिसतो.

शिकारीची पद्धत

हा कीटक भक्ष्याचा पाठलाग क्वचितच करतो. तो फांदीवर निश्चल बसून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच पुढचे पाय झटक्याने फेकून त्याला पकडतो. डोके दोन्ही बाजूंना बरेच वळवता येत असल्याने शरीर न हलवता तो आजूबाजूस पाहू शकतो. भक्ष्य किती अंतरावर आहे हे त्याला दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीने कळते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी या कीटकाच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने इवलासा चष्मा चिकटवून हे दाखवून दिले. तो प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक जातींत छातीच्या खालच्या बाजूस एकच कान असतो. त्याने वटवाघळांचे अतिसूक्ष्म ध्वनी ऐकून रात्री उडणारे कीटक स्वतःचा बचाव करतात.

जीवनक्रम

मादी काडी, फांदी, कुंपण किंवा भिंतीवर फेसासारख्या द्रवात अंडी घालते. हा फेस वाळून टणक, तपकिरी अंडकोश तयार होतो. त्यातून जातीनुसार काही दहा ते दोनशेहून अधिक पिल्ले बाहेर पडतात. पिल्ले प्रौढासारखीच दिसतात, मात्र त्यांना पंख नसतात. कोषावस्था नसल्याने ती कात टाकत वाढतात आणि पहिल्या दिवसापासून शिकार करतात. भूक लागल्यास ती भावंडांनाही खातात, म्हणून शेवटी फार थोडी जगतात. काही वेळा मादी मीलनाच्या वेळी नरालाही खाते. पोडॅग्रिऑन नावाच्या लहान गांधीलमाश्या या अंडकोशात आपली अंडी घालतात. अंडकोशाच्या बाजूंना बारीक गोल छिद्रे दिसल्यास त्या माश्या बाहेर पडून गेल्या असे समजावे.

शिंदखेड्याची परसबाग

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तापी वाहते आणि मुडावद येथे पांझरा तिला मिळते. कमी पावसाच्या या कोरड्या प्रदेशात शेतात कापूस, तर घराच्या मागे सांडपाण्यावर वांगी, मिरची, भेंडी, गिलकी व वालाचे वेल लावण्याची रीत आहे. या भाज्यांवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पाने खाणाऱ्या अळ्या व नाकतोडे येतात. प्रार्थना कीटकाची लहान पिल्ले मावा व तुडतुडे खातात, तर मोठे कीटक अळ्या, पतंग व नाकतोडे धरतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वांग्याचा शेंडा व फळ पोखरणारी अळी आत लपलेली असल्याने ती याच्या हाती लागत नाही. तेथे कीडग्रस्त शेंडे व फळे तोडून नष्ट करणे हाच उपाय होय. शिवाय हा कीटक शत्रू-मित्र असा भेद करीत नाही. फुलावर बसून तो मधमाश्या व फुलपाखरेही पकडतो. ढालकिडा प्रामुख्याने माव्यावर जगतो, ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांवर वाढते. प्रार्थना कीटक मात्र जे सापडेल ते खातो. त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर कीड आटोक्यात येईल अशी अपेक्षा धरू नये.

फवारणी आणि पुनरागमन

या कीटकाचे खरे महत्त्व फवारणीच्या संदर्भात कळते. सर्व प्रकारच्या किडींना मारणारे रासायनिक कीटकनाशक मारल्यास मावा आणि प्रार्थना कीटक दोन्ही मरतात; पण दोघे परत येण्याचा वेग सारखा नसतो. माव्याची मादी नराशिवाय पिल्ले देते आणि उबदार हवेत ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. प्रार्थना कीटकाला प्रौढ होण्यास काही महिने लागतात, पिल्लांना पंख नसतात आणि अंड्यांनी जड झालेल्या माद्या सहसा उडत नाहीत. म्हणून फवारणीनंतर कीड आधी वाढते व तिचा भक्षक मागे राहतो.

फवारणीचा धोका माणसालाही आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्या परसबागेतील भाजी रोज ताटात येते, तेथे शेतातील उरलेले औषध वापरणे म्हणूनच सर्वथा टाळावे. मावा दिसताच पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुणे, अळ्या वेचणे आणि गरज पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे हे सौम्य मार्ग आहेत.

जतन

गुलाबी बोंडअळीला आळा बसावा म्हणून हंगाम संपताच शेतातील पऱ्हाट्या काढून नष्ट कराव्यात, असा कृषी खात्याचा सल्ला आहे आणि तो पाळणे योग्यच आहे. मात्र परसातील कुंपणाच्या काटक्या, जुने मांडव व झुडपे साफ करताना अंडकोश आहे का ते पाहावे. आढळल्यास तेवढी काडी कापून सावलीच्या झाडाला, मुंग्या पोहोचणार नाहीत अशा रीतीने बांधावी. अंडकोश घरात डब्यात ठेवल्यास एकाच वेळी बाहेर पडलेली पिल्ले एकमेकांना खातात. बागेत निरनिराळी झाडे, थोडे दाट झुडूप आणि विषारी फवारणीचा अभाव एवढे असले, तर हा कीटक टिकून राहतो.