त्या घराला काही लागलेलं नाही

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या एका घरी पुण्यानुमोदनाला गेलो होतो. गेलेला माणूस 39 वर्षांचा. रात्रपाळी करून आला, छातीत जळजळतंय म्हणाला, ॲसिडिटी समजून सोडा प्यायला आणि पहाटे गेला. त्याचे वडील 44 व्या वर्षी असेच गेले होते, चुलते 41 व्या. वंदना झाली, भन्तेजींची धम्मदेसना झाली, आणि चहाच्या वेळी मागे बसलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "त्या घराला काहीतरी लागलंय." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या मावशी! पण आम्हांला राग आला नाही. एका घरातले तीन कर्ते पुरुष एकाच तऱ्हेने गेले की माणसाला कारण हवं असतं, आणि खरं कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

चहाचा ट्रे मयताच्या धाकट्या भावाने पुढे केला तेव्हा आमची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूला कडक गाठी. पाय बघितले, तर टाचेच्या मागची शीर नेहमीपेक्षा जाड. नोकरीत असताना वॉर्डात आम्ही अशा गाठी पाहिल्या होत्या आणि कामाचे घट्टे समजून पुढे गेलो होतो. ते घट्टे नसतात. शिरांमध्ये साठलेलं कोलेस्टेरॉल असतं. त्याची लिपिड प्रोफाइल केली; एलडीएल, म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 268 निघालं. माणूस सडपातळ, दारू नाही, तेलकट खाणं परवडत नाही.

या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. जगभरात साधारण 250 माणसांमागे एकाला तो असतो, आणि बहुतेकांना ठाऊक नसतो.

तो होतो कसा? यकृताच्या पेशींवर, बाहेर रक्ताच्या बाजूला, एक प्रथिन हातासारखं पुढे आलेलं असतं. एलडीएल रिसेप्टर. तो रक्तातलं एलडीएल पकडतो, आत नेतो, सोडतो आणि परत बाहेर येतो. साधारण दर दहा मिनिटांनी एक खेप. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी आजारी मुलांच्या त्वचेच्या पेशींवर काम करून हा हात शोधला. 1985 चं नोबेल त्यांना मिळालं.

हा हात म्हणजे 839 मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळ नुसती लोंबत राहिली तर कामाची नाही, तिची नेमकी घडी पडावी लागते. तिच्या बाहेरच्या टोकाला, एलडीएल पकडणाऱ्या जागी, साधारण 40 मण्यांचा एकच तुकडा थोड्या फरकाने सात वेळा आलेला आहे. चाळीतल्या सात खोल्यांसारखं समजा: रंग वेगळा, भांडी वेगळी, पण आखणी एकच. प्रत्येक खोलीत सिस्टीन नावाचे सहा मणी असतात. पहिला तिसऱ्याशी, दुसरा पाचव्याशी, चौथा सहाव्याशी जोडला जातो. आम्हां नर्सच्या भाषेत तीन टाके. शिवाय एक कॅल्शियमचा कण आत बसून घडी घट्ट धरतो. तुकडा एवढा लहान की टाके आणि कॅल्शियम सोडले तर त्याला धरून ठेवणारं फारसं काही नाही.

जनुकात एका अक्षराची चूक झाली आणि सहांपैकी एक सिस्टीन बदलला, की टाका सुटतो. कॅल्शियम धरणारा मणी बदलला तरी तेच. घडी नीट पडत नाही, आणि पेशी असा बिघडलेला माल बाहेर पाठवत नाही, आतच अडवून ठेवते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक खराब म्हणजे धड हात निम्मेच. रक्तातलं एलडीएल लहानपणापासून वाढलेलं राहतं आणि तिशी-चाळिशीत रक्तवाहिनी तुंबते.

सातांपैकी पाचव्या तुकड्याची घडी 1997 मध्ये स्फटिकावर क्ष-किरण टाकून पाहता आली. एका खोलीचा नकाशा मिळाला की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो, कारण सहा सिस्टीनच्या जागा ठरलेल्या. अशी मेहनत एकेका प्रथिनावर वर्षानुवर्षं चालायची. 2020 मध्ये अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने नुसत्या मण्यांच्या क्रमावरून घडी अचूक सांगून दाखवली. निरनिराळ्या प्राण्यांतलं तेच प्रथिन ती शेजारी ठेवून बघते. जे दोन मणी जोडीने बदलतात ते घडीत जवळ असणार, असं ताडते. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पण यंत्र म्हणालं म्हणून मान डोलवायची, तर मावशींना तरी काय बोलायचं? अल्फाफोल्ड स्वतःच रंगांनी सांगतं, निळ्या भागाची खात्री आहे, नारिंगी भागाची नाही. एकेका खोलीची आखणी ते चांगली सांगतं, पण खोल्यांमधले दुवे लवचीक असतात, त्यामुळे अख्खी चाळ कुठे वळते ते खात्रीने सांगता येत नाही. एक मणी बदलून विचारलं तर कित्येकदा जुनंच चित्र पुढे करतं. म्हणून चित्रावरून निदान होत नाही. उपयोग दुसरीकडे आहे. जनुक-तपासणीत कधी कधी आधी कुठे नोंदच नसलेला बदल सापडतो आणि अहवालात "अर्थ अनिश्चित" असं येतं. जगातल्या जनुकांच्या नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा आहे, त्यामुळे हे उत्तर आपल्याच वाट्याला जास्त येणार. असा बदल नेमका टाक्याच्या किंवा कॅल्शियमच्या जागी पडलेला दिसला, तर तज्ज्ञ त्याच्याकडे अधिक संशयाने पाहतात.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेचाच मुद्दा काढला आहे: मूल आपले गुण आईवडिलांकडून घेतं असं विज्ञान म्हणतं, मग मागच्या जन्माचं गाठोडं येतं कुठून? तो भाग आम्ही त्या घरी बसून वाचून दाखवला. मावशीही होत्या.

उपचाराला जनुक-तपासणी लागतेच असं नाही. घरात कुणी पुरुष 55 च्या आत किंवा बाई 60 च्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर सख्ख्या भावंडांची आणि शाळकरी मुलांची लिपिड प्रोफाइल करून घ्या. मोठ्यांचं एलडीएल 190 च्या वर, मुलांचं 160 च्या वर आलं तर डॉक्टरांना घरातले मृत्यू वयांसकट सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही. उपचार नसला तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. स्टॅटिनच्या गोळ्या जनऔषधी दुकानातही मिळतात. त्या यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करतात, मग पेशी चांगल्या प्रतीकडून जास्त हात तयार करून घेते. गोळी कायमची असते. आकडा उतरला म्हणून बंद करायची नाही. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

धाकटा भाऊ आता गोळी घेतो. गेलेल्या भावाच्या मुलाचा रिपोर्ट साधा आला, 11 वर्षांच्या मुलीचं एलडीएल 212. आईने पदर डोळ्यांना लावला. मुलीने डॉक्टरांना एकच विचारलं, कबड्डी खेळू का? खेळ म्हणाले.