कुणीही न बांधलेल्या भिंती

धुळ्याहून साक्रीकडे किंवा पुढे नंदुरबारकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहत राहिलात, तर मधूनच एक चमत्कारिक दृश्य दिसते. उघडाबोडका माळ, आणि त्यातून काळ्या दगडांची एक अरुंद, उंच रांग अगदी सरळ रेषेत दूरवर गेलेली. एखाद्या पडक्या किल्ल्याचा तट असावा असे वाटते. जवळ जाऊन पाहिले तर संशय अधिकच वाढतो, कारण पुष्कळ ठिकाणी दगड खरोखरच एकावर एक रचल्यासारखे, लाकडाच्या वखारीत ओंडके आडवे रचून ठेवावेत तसे दिसतात.

या भिंतींना भूविज्ञानात ‘भित्ती’ किंवा ‘डाइक’ म्हणतात. आयआयटी, मुंबई येथील हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंदुरबार-धुळे भागातल्या २१० मोठ्या भित्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांतली सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे. म्हणजे धुळे ते जळगाव या अंतरापेक्षा थोडीशीच कमी! रुंदी मात्र काहींची तीन-चार मीटर, तर काहींची साठेक मीटर. मला यातली सर्वांत नवलाची गोष्ट लांबी नव्हे, दिशा वाटते. बहुतेक सगळ्या भित्ती पूर्व-पश्चिम धावतात. असे का, हे कळले की बाकीचे कोडे सुटत जाते.

आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा, हे पाठ्यपुस्तकात असते. पण ‘मग तो ज्वालामुखी कुठे आहे?’ असे वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच. फुजियामासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर इथे शोधून सापडणार नाही. इथला लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आला. भेगेतून वर चढणारा शिलारस शेवटी भेगेतच थिजला, आणि भेगेच्या आकाराचा दगडी पडदा तयार झाला. हीच भित्ती. सगळ्याच भेगा पृष्ठभागापर्यंत पोचल्या असे नाही. कित्येक वाटेतच अडल्या. पुढे वरचे थर पाण्यापावसाने झिजून गेले आणि हे पडदे उघडे पडले. भित्तीचा दगड आजूबाजूच्या पोकळ्यांनी भरलेल्या, ठिसूळ थरांपेक्षा चिवट असेल तर तो भिंतीसारखा उभा राहतो. उलट भित्तीच लवकर झिजणारी असेल तर तिच्या जागी सरळ चर दिसतो. तोही शोधण्यासारखा असतो, पण सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

आता ओंडक्यांविषयी. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे पडतात आणि खांब तयार होतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. लाव्हाचा थर वरून आणि खालून थंड होतो, म्हणून त्यातले खांब उभे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडीवर असे उभे खांब पाहायला मिळतात. भित्ती मात्र दोन्ही बाजूंनी थंड होते, म्हणून तिच्यातले खांब आडवे. गवंडीकामाचा भास होतो तो यामुळे! गोठायला लागणारा वेळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा मीटर रुंदीची भित्ती दोन-अडीच वर्षांत गोठेल, तर साठ मीटरच्या भित्तीला सुमारे चाळीस वर्षे लागतील. (अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्याशी या शिलारसाचा संबंध जोडला जातो, तो बरोबर नाही. तो कधीच निवला. खोलवर जाऊन तापलेले पाणी फटींतून वर येते, एवढेच.)

दिशेचा प्रश्न वर्गात सोडवता येतो. किराणा दुकानातून चायना ग्रास आणा, पाण्यात उकळून चौकोनी पारदर्शक डब्यात घट्ट वडी जमवा. वडी बाहेर काढून समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन पुस्तके लावून हलकेच दाबा. मग इंजेक्शनच्या सिरिंजने वडीच्या मध्यभागी रंगीत पाणी अगदी सावकाश सोडा. पाणी गोळा होऊन बसत नाही, पातळ पात्यासारखे पसरते. आणि हे पाते एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे जाते. ज्या बाजूंना दाब सर्वांत कमी, त्या बाजूंना भेग उघडते. एकदोनदा वडी फुटेल, त्याची तयारी ठेवा. खानदेशातल्या भित्ती पूर्व-पश्चिम आहेत, याचा अर्थ त्या वेळी इथले कवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते. कोकणातल्या पुष्कळ भित्ती दक्षिणोत्तर आहेत. तिथला ताण निराळा होता.

असे आजही घडते का? २००५ साली इथिओपियाच्या अफार भागात काही दिवसांत सुमारे ६० किलोमीटर लांब भेग शिलारसाने भरली. काही ठिकाणी जमीन आठ मीटर फाकली. २०१४ साली आइसलँडमध्ये शिलारस जमिनीखालून आडवा ४५ किलोमीटरहून अधिक गेला, त्याला दोन आठवडे लागले, आणि मग तो होलुह्राउन येथे बाहेर पडला. तिथल्याच ग्रिंदाविक गावाखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये काही तासांत भित्ती घुसली आणि सारे गाव रातोरात रिकामे करावे लागले. आपल्याकडच्या भिंती शांत झाल्याला कोट्यवधी वर्षे लोटली आहेत.

तरीही त्या निरुपद्रवी शोभेच्या वस्तू नाहीत. धुळे जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न आला की या भित्ती आठवाव्या लागतात. अखंड, तडे न गेलेली भित्ती जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखी अडवते. पाणी उतारावरून येते आणि भित्तीच्या वरच्या अंगाला तुंबते. अशा ठिकाणी वरच्या शेतातली विहीर उन्हाळ्यापर्यंत पुरते आणि पलीकडे दोनशे पावलांवरची विहीर संक्रांतीनंतरच तळ गाठते. पण भित्ती तडकलेली असेल तर तीच पाण्याची वाट बनते, आणि तिच्या लगतची विहीर चांगली लागते. कर्ज काढून विहीर खणणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा! नुसते दुरून पाहून तो ठरवता येत नाही. तडे, त्यांची दाटी, उतार, शेजारच्या विहिरी, सगळे पाहावे लागते. जळगावकडे तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात खडक शेकडो मीटर गाळाखाली गेलेला असल्याने तिथे हे गणित लागू पडत नाही.

भित्तीचा दगड खडीला उत्तम, म्हणून क्रशर बसतात आणि भिंती टप्प्याटप्प्याने नाहीशा होतात. घरे-रस्ते हवेत हे खरे. निदान फोडण्यापूर्वी त्यांची नोंद तरी व्हावी. साक्री, शिंदखेडा भागातल्या शाळांना हे सहज जमेल. गावाजवळच्या भित्तीची होकायंत्राने दिशा घ्यावी, पावलांनी रुंदी मोजावी. मग दोन्ही अंगांच्या पाच-पाच विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी आधी डिसेंबरात आणि पुन्हा मे महिन्यात मोजावी. आकडे आलेख कागदावर मांडले की भित्ती बांध आहे की वाट, हे मुलांनाच दिसू लागेल. दोर सोडताना विहिरीच्या काठावर मोठे माणूस हवेच.