सत्तावीस मोठं की अठ्ठावीस?

घरात वर्षानुवर्षं पडून असलेली ड्रॉप हँडलची रेसर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की पहिलं घोडं टायरपाशी अडतं. आकडा मोठा तो टायर मोठा, असं सगळे धरून चालतात. पण इंचातला आकडा हा फुगलेल्या टायरच्या बाहेरचा, तोही ढोबळ. टायरची तार रिमवर जिथे बसते, तिथला व्यास जुळायला हवा. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर तारेपाशी ६३५ मिलिमीटरचा. जुन्या रेसरचा २७ × १ १/४ हा ६३० चा. आजच्या रोड बाइकचा ७००सी मात्र ६२२ चा, आणि त्याच्यावर बऱ्याचदा २८ इंच असंही छापलेलं असतं. म्हणजे इथे सत्तावीस हा अठ्ठावीसपेक्षा ८ मिलिमीटरनं मोठा निघाला!

७००सीचा टायर सत्तावीसच्या रिमवर चढतच नाही, म्हणून तिथे चूक लगेच कळते. उलटी चूक घातक. सत्तावीसचा टायर ७००सीच्या रिमवर अलगद बसतो, आणि हवा भरताना किंवा उतारावर तार सुटून ट्यूब फुटते. सव्वीस इंचात तर आणखी गंमत आहे. १ १/२ आणि १.५० हे गणिताच्या वहीत एकच, पण २६ × १ १/२ चा व्यास ५८४ आणि २६ × १.५० चा ५५९. तेव्हा दुकानात जाताना जुन्या टायरच्या कडेवरचा ३२-६३० असा जोडआकडा वाचून जावा. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसऱ्यात तडजोड नाही.

रुंदीत मात्र तडजोड करता येते, आणि तिथेच ‘बारीक टायर पळतो’ हा समज आडवा येतो. हवेचा दाब सारखा असेल, तर रुंद आणि अरुंद टायर जमिनीला जवळपास तेवढेच टेकतात. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, त्यामुळे तो कमी दबतो आणि कमी शक्ती खातो. शिवाय हे गणित गुळगुळीत रस्त्याचं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांखाली खचलेल्या कडांवर, उघड्या पडलेल्या खडीवर कडक, बारीक टायर प्रत्येक खड्याला सायकलीसकट स्वाराला वर उचलतो. ती मेहनत पुढे जाण्यात नाही, उडण्यात जाते. व्यावसायिक शर्यतींतले संघ पूर्वी २३ मिलिमीटर वापरत, आता २८ ते ३० वर आलेत. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे असून!

‘पण पन्हाळा चढताना वजन लागतं ना?’ लागतं, पण किती? २५ आणि ३२ च्या टायरमध्ये जोडीमागे फार तर दोन-तीनशे ग्रॅमचा फरक. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलो असताना तेवढ्यासाठी मनगटं का झिजवायची?

हवेचंही तसंच. टायरवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये मागे साधारण ६० पीएसआय पुरते, पुढे त्याहून थोडी कमी. कॉम्प्रेसरवर ‘दगड झाला पाहिजे’ म्हणून भरून घेऊ नये. जुन्या स्टीलच्या रिमची आतली कड सरळ असेल, तर ती जास्त दाबाला टायर धरून ठेवत नाही.

किती रुंद जाता येईल, हे फ्रेम सांगते. चिमट्याच्या डोक्याशी, ब्रेकखाली आणि मागच्या दोन नळ्यांमध्ये टायरभोवती चारेक मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. पावसाळ्यात पंचगंगेकाठची काळी माती अडकली, की याहून कमी फटीत चाक जाम होतं.

सत्तावीसचे टायर मनासारखे मिळत नसतील, तर ७००सीची अॅल्युमिनियम चाकं बसवता येतात. रिमची कड ४ मिलिमीटर खाली जाते, म्हणून ब्रेकचं रबर तेवढं खाली सरकतं का, हे चाकं घेण्याआधी पाहावं. जुन्या लांब हातांच्या ब्रेकला ते बहुधा जमतं. वर चिमट्याशी तेवढीच जागा वाढते, म्हणजे आणखी रुंद टायरला वाव. आणि जुलैत गगनबावड्याकडे निघालात, तर ओल्या अॅल्युमिनियमवर ब्रेक ओल्या क्रोमपेक्षा कितीतरी लवकर धरतो.